गाडीचा पायगुण

जयरामबाबांच्या गाडीला आजवर चोर लागला नाही, यात गाडीच्या सिक्युरिटीपेक्षा चोरांचं शहाणपण जास्त होतं. गाडी पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. मागचं एक दार आतून दोरीने बांधलेलं, आणि काच वर करायची तर दोघं लागायची. तरीही काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलेले असताना बाबांनी तिला सिक्युरिटी सिस्टीम बसवून घेतली. बसवणारा ती कशी चालते ते नीट समजावून सांगत होता, पण बाबांच्या पिशवीत बांगडे होते आणि ऊन चढत होतं. "समाजला, समाजला," म्हणत ते निघाले. भोंगा वाजतो, एवढंच त्यांना समजलं होतं. कोरगावात मिरवायला तेवढं पुष्कळ झालं.

अशा या घरात गौरवी सून म्हणून आली. ती मुळगावची, डिचोलीला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. लग्न ठरवताना तिने एकच गोष्ट विचारली होती, नोकरीचं काय. कोरगावची सकाळची बस म्हापशाला पोचेपर्यंत तिची डिचोलीची बस सुटून गेलेली असणार. तेव्हा जयरामबाबा छाती पुढे काढून म्हणाले होते, "माजी गाडी आसा मगो. रोज म्हापशाच्या स्टँडार सोडतलंय." त्या एका शब्दावर तिने होकार दिला. साईश आवडला होता, ती गोष्ट वेगळी. साईशची ड्यूटी मोप्याच्या विमानतळावर, तीही भल्या पहाटेची, त्यामुळे नवऱ्याचा या कामी काही उपयोग नव्हता. इतर कामी होता.

लग्नानंतर गौरवीने सासऱ्यांना डिचोलीच्या बाजारातून आणलेलं पितळी गणपतीचं कीचेन दिलं. बाबा खूश झाले. किल्लीला पूर्वीपासून एक काळं प्लॅस्टिकचं बटण लोंबत होतं, ते त्यांनी तिच्यासमोरच काढून टाकलं. "कंपनीची जाहिरात ती," म्हणाले. सासूबाई सत्यवती दोरा फेकत नाहीत, तर बटण कुठलं फेकायला! त्यांनी ते उचलून आपल्या बटणांच्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, एक जांभई द्यावी एवढा वेळ चालली आणि बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली तेव्हा भोंगा सुटला. कुत्री ओरडली, शेजारचा दगडी गडगा ओलांडून माणसं आली, आणि बाबा दोन्ही हात वर करून "मी रे, मी," असं सगळ्यांना सांगत सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मग उपचार सुरू झाले. पेडण्याच्या रस्त्यावर सावंतवाडीकडच्या योगेशचं गॅरेज आहे, त्याला बोलावलं. त्याने प्लग बदलले, वायरिंग चाचपलं, उंदरांना शिव्या दिल्या. डॅशबोर्डाखाली हात घालायला गेला तर बाबांनी त्याचं मनगट धरलं. "सिक्युरिटीक हात लावचो नाय. ती ए-वन आसा." योगेशने हात काढून घेतला. गिऱ्हाईक स्वतःच निदान करून येतं तेव्हा मेकॅनिकने फक्त पाना धरायचा असतो. पुढे बॅटरी बदलावी की पेट्रोल पंप, यावर दोघांचं जमेना, म्हणून बाबांनी देवळात जाऊन देवीला पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे कौल, घेतला. उजवी पाकळी पडली तर बॅटरी, डावी पडली तर पंप. पाकळी डावी पडली. पंप बदलला आणि गाडी पुन्हा जांभई देऊन निजली. तिसरा पर्याय देवीपुढे कोणी ठेवलाच नव्हता, तिचाही नाइलाज होता.

शेवटी निदान केलं शेजारच्या विनोदिनीने. गडग्यावर कोपर टेकून ती सत्यवतीला म्हणाली, "सून घरात इली आनि गाडी बसली. मी काय म्हणत नाय हां. पण इली आनि बसली."

एवढं पुरलं. जयरामबाबा शिकलेले, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माजो असल्या गोष्टींर विश्वास नाय. पण..." आपल्याकडे माणसाचा विश्वास नेहमी त्या 'पण'च्या पलीकडे राहतो. जेवताना ते गौरवीकडे न बघता म्हणाले, "गाडीच नाय, तर तू जातलंय कशी? रव घरात. नोकरी खंय पळता?"

नोकरी पळतच होती. गौरवीची रजा रविवारी संपत होती, सोमवारी हजर झाली नाही तर दुकानाचा मालक दुसरी बघणार होता, तसं त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. स्कूटर घेते म्हटलं तर बाबांना रस्ते वाईट दिसू लागले. साईश म्हणाला, चार दिवस जाऊ दे. गौरवीला संताप आला तो पायगुणाचा नाही इतका या चार दिवसांचा आला. लग्नानंतर अशीच चार दिवस म्हणून नोकरी सोडलेल्या तिच्या आतेचे ते चार दिवस अजून संपले नव्हते.

शनिवारी बाबांनी तोडगा काढला. गौरवीने माहेरी राहावं, मुळगावहून डिचोली जवळ. "गाडी बरी होयपर्यंत," ते म्हणाले. ऐकायला गोड होतं. पण लग्नाची हळद उतरली नाही तोवर सून माहेरी धाडली की तिला परत आणायचं कारण लागतं, आणि ते कारण एका बंद गाडीच्या हातात होतं, हे गौरवीला कळत होतं. रविवारी तिने बॅग भरली. पर्सच्या चेनचा ओढायचा तुकडा कधीचा तुटला होता. सत्यवतीच्या डब्यात काहीतरी मिळेल म्हणून तिने हात घातला, कडी असलेलं एक काळं बटण हाताला लागलं, तेच तिने चेनला अडकवलं.

टॅक्सी बोलवायच्या आधी बाबांनी शेवटचा प्रयत्न म्हणून किल्ली फिरवली. गौरवी पर्स मांडीवर घेऊन पुढे बसली होती, सत्यवती मागे. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. बाबांचे डोळे भरून आले. गडग्यावरून विनोदिनी म्हणाली, "बगलात? सून जाता म्हटल्यार गाडी हसाक लागली."

मुळगावपर्यंत गौरवीने खिडकीबाहेर पाहिलं. रडायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं, आणि तिथे पोचेपर्यंत ते दोनदा मोडलं. सत्यवतीने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

गौरवीचे वडील बाबली ट्रकवाले. खाणी बंद पडल्यापासून त्यांचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा होता आणि त्याच्या केबिनवर दुध्याचा वेल चढला होता. चहा झाला. जावयाची चौकशी झाली. सून का आणली ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. बाबा आणि सत्यवती निघाले, गाडीत बसले. गाडीने जांभई दिली. बाबांनी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा भोंगा सुटला आणि अर्धं मुळगाव व्याह्यांना बघायला गोळा झालं.

बाबली कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "उभ्या गाडयेकडे मी जल्म काडलो. पण बोंबलणारी आजच बगलंय."

गौरवी आत गेली. चुलतभावाची टॅक्सी बोलवावी म्हणून फोन घ्यायला तिने खुंटीवरची पर्स उचलली आणि फोन शोधतच गाडीच्या खिडकीशी आली. तिने पर्स खिडकीवर टेकवली आणि भोंगा गप्प झाला. बाबांनी घाईने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि चालू राहिली. पर्सच्या चेनला लोंबणाऱ्या बटणात एक लाल ठिपका लुकलुकला आणि विझला.

गौरवीने तो पाहिला. औषधांच्या दुकानात तिला एक गोष्ट शिकायला मिळाली होती: अंगावर पुरळ आलं तर एकेक गोळी बंद करून बघायची. ती म्हणाली, "बाबा, बंद करा जरा." पर्स नेऊन तिने खुंटीला लावली आणि मोकळ्या हातांनी परत आली. "आता लावा." गाडी मेली. ती पर्स घेऊन आली. गाडी जिवंत झाली.

मग तिला सगळं उमगलं. काळं बटण, भोंगा, पितळी गणपती, पंप, पाकळी, सगळं. हसू गळ्यापर्यंत आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. या टिचभर बटणापायी हा माणूस तिला परत करायला आला होता. सांगायला तिने तोंड उघडलं.

पण बाबा गाडीतून उतरले होते. त्यांनी बोनेटला हात लावून नमस्कार केला आणि भर अंगणात म्हणाले, "लक्ष्मी आसा ती. तिच्याशिवाय गाडी पाऊल टाकणा नाय. माजीच नजर खोटी." विनोदिनीचा सिद्धान्त त्यांनी टाकला नव्हता, फक्त उलटा करून घातला होता, एखादा शर्ट घालावा तसा. गौरवीने तोंड मिटलं.

"मग न्या तर परत," बाबली म्हणाले. "आनि एक सांगतंय. गाडी तिच्याशिवाय चलणा नाय, तर तिच्याच हातात द्या. माज्या ट्रकार शिकलेली आसा."

सोमवारी सकाळी कोरगावात गाडी अंगणात उभी होती. गौरवी ती डिचोलीला नेणार, दिवसभर दुकानापाशी ठेवणार आणि संध्याकाळी आणणार, असं ठरलं होतं, कारण तिच्याशिवाय गाडी परत येणार कशी? बाबा तिच्यासोबत म्हापशापर्यंत जाऊन बसने परत येणार होते. सुनेला सोडायला जातो असं ते सगळ्यांना सांगत होते.

गौरवीला मात्र रात्रभर टोचत होतं. ती पायरीवर थांबली. "बाबा, एक सांगू? माझ्या पायगुणाने काही होत नाही. किल्लीला होतं ना ते काळं बटण, ते या पर्सला आहे. ते जवळ असलं की गाडी चालते. सिक्युरिटीचं आहे ते. तुम्ही किल्लीला परत लावा."

बाबा मोठ्याने हसले. "आयकलास गे?" ते गडग्याकडे तोंड करून विनोदिनीला म्हणाले. "आपणाक मोठेपण नको म्हणून बटणाचा नाव सांगता. आजकाल अशी सून मेळणा नाय." आणि ते गाडीची काच पुसायला गेले. खरं बोलायचं काम झालं होतं, ऐकायचं कोणी घेतलं नव्हतं.

सत्यवती डबा घेऊन बाहेर आली. डबा तिने पायरीवर ठेवला, पदराला टोचलेली सुई काढली, काळा दोरा ओवला आणि गौरवीची पर्स हातात घेऊन चेनचं बटण घट्ट बांधू लागली.

"तुमका कळला?" गौरवीने हळूच विचारलं.

"माज्या डब्यातला बटण माका कळचा नाय? काल मुळगावाकच कळला." तिने दोऱ्याचे दोन वेढे आणखी घातले. "तेंका कित्याक सांगतंय? तेंका पायगुणच बरो समाजता. चलवन घे."

"पण आई, खोटंच ना ते."

सत्यवतीने दाताने दोरा तोडला. "मी या घरात इलंय तेव्हा म्हस आटली. वर्सभर माज्या हातचा पाणी कोणी घेवक नाय." तिने पर्स सुनेच्या खांद्याला अडकवली आणि नीट केली. "म्हशीक खंय बटण आसता गो."