पाण्याचा शंख

"उद्यापासून शंख बंद," नगरपालिकेचा ओरिओल म्हणाला. "समोरच्या इमारतींतून तक्रार आलीय. रविवारी लोक झोपलेले असतात हो."

"पाणी झोपत नाही," एलिसेऊ पाटकरी म्हणाला.

"मग मेसेज करा. फोन आहे ना?"

स्पेनमधल्या वालेन्सिया शहराच्या वेशीवरच्या त्या मळ्यांत बापजाद्यांचा रिवाज होता. पाटकऱ्यानं पाणी सोडताना शंख फुंकायचा, शेतकऱ्यानं खोरं घेऊन धावायचं. आपल्या वाफ्यांचं दार ज्यानं त्यानं उघडायचं; पाटकऱ्यानं त्याला हात लावला तर ती चोरी. भिजवून झालं की खोरं पाटातच धुवायचं आणि घरी जायचं. पाळी चुकली, तर पाणी पुढं गेलं.

पण शहर एकेक मळा गिळत आलं, आणि पाटाच्या एलिसेऊकडच्या फाट्यावर उरली एकटी रेमेईमावशी. तिनं आर्टिचोकच्या भाजीची नवी रोपं नुकतीच लावलेली. वर ऑगस्टचं ऊन. हे शेवटचं शेत वाळलं की फाटा बुजवायचा, असं पालिकेनं ठरवूनच टाकलेलं. आणि फाटाच नाही तर पाटकरी कसला?

म्हणून रविवारी एलिसेऊनं फाट्याचं लोखंडी दार उचललं, आणि जीभ बाहेर काढून, अंगठा नाचवत मेसेज लिहिला: "मावशी, पाणी सोडलं." मग स्वतःवरच खूश होऊन तो न्याहारीला बारमध्ये जाऊन बसला.

मावशीच्या वाफ्यांचं दार बंद होतं. पाणी सरळ पुढं निघालं. पूर्वी फाट्याचं शेपूट दलदलीत संपायचं. आता दलदलीवर त्याच इमारती उभ्या होत्या, आणि शेपटाच्या बरोब्बर तोंडाशी बिल्डरनं तळघरातल्या पार्किंगचा उतार काढलेला. पाण्याला काय, उतार दिसला की झालं.

एका शंखानं झोपमोड होणाऱ्या त्या इमारतींखाली सगळ्या मोटारी बुडता बुडता एकदम बोंबलू लागल्या.

एलिसेऊ ऑम्लेट टाकून धावला. मावशी अंगणात शेंगा सोलत बसलेली.

"मावशी, मेसेज बघितला नाहीस?"

"फोन होय? तो तांदळाच्या डब्यात. पोरगी म्हणाली, जपून ठेव."

"अगं, ते भोंगे तरी ऐकलेस ना?"

"ऐकले की! म्हटलं, कुणाचं तरी लग्न लागलं."

मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि शेंगा खाली ठेवल्या. "मेल्या, शंख का नाही फुंकलास?"

आठवड्याच्या आत फाट्यात सिमेंट पडलं. मावशीनं भांड्यांच्या पाण्यावर दोनचार रोपं जगवून बघितली. ती साबणानं गेली. एलिसेऊला घरी बसवलं.

वसंतात तिथं चौक झाला. मधोमध कारंजं, त्यात एलिसेऊचं लोखंडी दार, भोवती आर्टिचोकची रोपं. काशाची. पाटीवर 'आपला शेतकरी वारसा'.

"काका, शंख आणलात ना?" ओरिओलनं उद्घाटनाला विचारलं. "जोरात हं! इमारतीतले सगळे व्हिडिओ काढायला आलेत."

एलिसेऊनं फुंकला. टाळ्या पडल्या.

"अजून एकदा, काका! पोरांना ऐकू दे!"

त्यानं पुन्हा फुंकला, तोच गर्दी दुभंगली. रबरी बूट, कमरेला ॲप्रन, खांद्यावर खोरं. रेमेईमावशी धापा टाकत पुढं आली.

"काय पण वेशभूषा केलीय!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

"सोडलंस?" मावशीनं विचारलं. "कुठवर आलंय?"

एलिसेऊनं शंख पाठीमागं धरला. मावशी कारंज्याकडे बघत राहिली.

"हे कुणाच्या शेतात जातं रे?"

"कुठंच नाही, मावशी. तेच पाणी गोल फिरतं."

"अस्सं."

मग वाकून तिनं खोरं कारंज्यात बुडवलं. दोन्ही बाजूंनी हात फिरवून सावकाश धुतलं.

"आजी, नका हो, त्यात औषध टाकलंय," ओरिओल म्हणाला.

खोऱ्याला माती नव्हतीच. तिनं ते ॲप्रनला पुसलं, खांद्यावर टाकलं आणि घरी निघाली.