भुलीची सबब

न्हाव्याच्या जिभेला हाड नव्हतं. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की कात्रीबरोबर तोंडही सुरू. लेकीची कहाणी तर त्यानं साऱ्या गल्लीला ऐकवली होती. तिचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं. लहानपणीच चार ऑपरेशनं झाली, पाऊल सरळ झालं. "पण दर वेळी भूल दिली हो," तो म्हणायचा, "पोरीचं डोकं मंद राहिलं." पोर मागच्या बाकावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. शाळेतल्या बाईंनाही त्यानं हेच सांगून ठेवलं होतं.

एकदा गालाला फेस लावलेल्या एका ड्रायव्हरनं आरशातूनच तिला विचारलं, "काय वाचतेस गं?"

"मला नाही येत, काका. मला भूल दिलीय ना. बाई मला विचारतच नाहीत." तिनं हे आपलं नाव सांगावं तसं सांगितलं.

"अजून उतरली नाही होय?" ड्रायव्हर हसला. पोरही हसली.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. समोर आरसा होता, पण त्यात बघायची त्याची छाती होईना.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनांच्या वेळी नीट समजावलं होतं. एखाद्या वेळच्या भुलीनं सहसा काही होत नाही. वारंवार दिली तर थोडा फरक पडूही शकतो, नक्की कुणालाच सांगता येत नाही. ऑपरेशन मात्र टाळता येणार नाही. तिच्याशी खूप बोला, वाचून दाखवा, मागे पडतेय वाटलं तर घेऊन या. त्यानं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे. रात्री पोर पुस्तक घेऊन आली की "राहू दे, तुला नाही जमायचं" म्हणणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. "बाई, तिला विचारत जा. चुकलं तर चुकू दे," तो खाली मान घालून म्हणाला. "मी उगाच तिच्या कपाळी शिक्का मारला."

बाईही ओशाळल्या. "मी तरी कुठं पडताळून पाहिलं?"

मग त्यानं तिला तपासून आणलं. वाचनात ती मागे होतीच. भुलीमुळे की सरावाअभावी, डॉक्टरांना सांगता येईना. सराव मात्र रोज हवा, म्हणाले.

आता दुकान बंद झालं की दोघं पुस्तक घेऊन बसतात. जोडाक्षर आलं की ती अडते, पुस्तक मिटते आणि म्हणते, "बाबा, मला भूल दिलीय ना."

"ते मीच तुला शिकवलं, बाळा," तो म्हणतो, आणि पान पुन्हा उघडतो.