पंखे बंद असतानाचा सूर

वैशाखातली दुपार कलली की रोह्याच्या त्या शाळेच्या सभागृहात आधी पंखे थांबत. पाती मंदावत मंदावत एकेक सुटी दिसू लागत, खिडकीबाहेरच्या गुलमोहरातून गाळून आलेला तांबूस उजेड भिंतीवर स्थिरावे, आणि उकाड्याने जड झालेल्या त्या निःशब्दतेत, व्यासपीठावर मांडी घालून बसलेल्या कुसुमबाईंच्या बोटाखालून पंचमाची तार पहिल्यांदा बोले. आमचा उन्हाळी संगीत महोत्सव असा सुरू होई.

इतरत्र तंबोरे आतल्या खोलीत लावतात आणि श्रोत्यांसमोर लागलेले आणून ठेवतात. आमच्याकडे ते भर सभेत लावायचे, आणि लागेपर्यंत पंख्याची घरघरही नको, हा शिरस्ता. तो कुणी पाडला यावर समितीतल्या तिन्ही ज्येष्ठांचे तीन दावे आहेत आणि तिघांचेही खोटे असावेत. पण लोक त्या घामासाठी वेळेआधी येत, हे मात्र खरे. पहिली शिफ्ट आटोपून कंपनीतून थेट आलेली माणसे, मानेवर ओला रुमाल टाकलेल्या बायका, कुवेतहून रजा जुळवून येणारे एक वयस्क रसिक, सगळे कागदाचा वारासुद्धा न घेता बसून राहत. पाहुण्या कलावंतांपैकी कुणी कासावीस होऊन पंख्याकडे पाहिले, की बाई जरा कळ काढायला सांगत आणि पुन्हा खुंटीकडे वळत.

बाईंचे माहेर हमरापूरचे, गणपती घडवणाऱ्यांच्या घरातले. मूर्तीचे डोळे आखताना वडील श्वास रोखून धरत आणि घरातली पोरेही त्यांच्याबरोबर श्वास रोखत, असे त्या सांगत. तंबोरा लावतानाही त्यांचा श्वास तसाच थांबलेला असे. उजव्या हाताचे बोट तारेवरून झुळझुळत राही, डाव्या हाताने सूर बारीक जुळवणारा, तारेत ओवलेला मणी केसभर सरके, चष्म्याआडचे डोळे अर्धे मिटत, आणि मधल्या, एकाच सुरात लावायच्या जोडाच्या दोन तारा एकमेकींत अशा विरघळत की त्या दोन होत्या याचा विसर पडावा. मग बाई श्वास सोडत. तो सुटलेला श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू येई आणि कुणीतरी उठून पंख्याचे बटण दाबी.

मी त्यांच्याकडे शिकले ती परकरात होते तेव्हापासून. त्या पेणहून गाडीने रोह्याला शिकवायला येत, पिशवीत आमच्यासाठी पोह्याचे पापड असत आणि जिभेवर तिखट. सूर चुकला तर त्या बोलत नसत, नुसती करंगळी किंचित वर किंवा खाली करत. आणि ती करंगळी स्वस्थ राहावी एवढ्यासाठी मी माझे अर्धे आयुष्य खर्च केले आहे. लग्न होऊन रोह्याजवळच वरश्याला आले, संसारात बुडाले, गायिका काही झाले नाही. पण महोत्सवात बाईंच्या शेजारी दुसरा तंबोरा घेऊन बसण्याचा मान माझा होता, आणि तो मला पुरेसा होता.

यंदाचा महोत्सव संपल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय गाजले? सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या संध्याकाळी बासरीवर पूरिया धनाश्री असा उतरला की बाहेर अंधार पडल्याचे कुणाला कळले नाही. दुसऱ्या दिवशी, भर माध्यान्ही, वृंदावनी सारंगाने तापलेल्या पत्र्याखाली सावली धरली. शेवटच्या सकाळी एका मध्यमवयीन गायिकेने तोडी मांडली आणि तिच्या कोमल गंधाराने माणसे खाली मान घालून बसली. मी हे सगळे सांगते, कौतुकाने सांगते. माझ्या मनात मात्र या तिन्ही रागांच्या आधीची शांतता तेवढी राहिली आहे.

पहिल्याच संध्याकाळी पंचम लागेना. बाईंनी खुंटी पिळली, मणी सरकवला, मान हलवली, पुन्हा पिळली. तार योग्य जागेवरून पुढे गेली तेव्हा मला वाटले, माझाच कान फिरला. पण बासरीवाल्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघांनीही चटकन नजर वळवली. अखेर बाईंनी श्वास सोडला. पंखे सुरू झाले. त्या खाली उतरल्यावर बासरीवाल्यांच्या शिष्येने मणी हळूच मागे घेतला आणि तो सुंदर राग सुरू झाला.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून जे केले ते केवळ आम्हीच करू शकलो असतो. आम्ही दोष हवेवर टाकला. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, यंदा खाडीवरचा वारा फार दमट. दुसरे म्हणाले, तारा जुन्या झाल्यात. तिसऱ्यांनी तर भोपळ्यावरच शंका घेतली. कधी नव्हे ते तिघांचे एकमत झाले. बाईंनी ते सारे मानले. रात्री नव्या तारा चढवल्या, घोडीवर तारेला गुंजन देणारा जवारीचा दोरा नवा घातला, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या उमेदीने बसल्या. त्यांची ती उमेद पाहून मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पंखे आदल्या दिवसाहून जास्त वेळ बंद राहिले, आणि पंचम पुन्हा त्याच चुकीच्या जागी जाऊन थांबला. माणसे घामाने निथळत होती, पण कुणी हूं की चूं केले नाही. एवढा आदर एखाद्याला किती एकटे पाडतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

तिसऱ्या सकाळी ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून थेट व्यासपीठावर आले होते. बाईंच्या कपाळावरचा घाम भुवईत साठत होता. गायिका हात जोडून, डोळे मिटून थांबली होती. तार वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग बाईंनी एक गोष्ट केली. गाणारे झाकतात तसा त्यांनी तळव्याने डावा कान झाकला आणि तार छेडली. हात काढला, उजवा झाकला, पुन्हा छेडली. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. फक्त डोळे माझ्याकडे वळले आणि माझ्या डोळ्यांत त्यांना हवे ते, किंवा नको ते, सापडले.

“सूर आपल्या जागी हाय गो,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “मीच सरकले.”

आणि तंबोरा माझ्या मांडीवर दिला.

मी तो लावला. लागला. पंखे सुरू झाले, तोडी रंगली, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. बाई विंगेत खुर्चीवर बसून होत्या, आणि समेवर त्यांची मान नेमकी हलत होती. लय शाबूत होती. तिने त्यांना दगा दिला नव्हता. ते पाहून मला रडू आले आणि ते मी आवरले नाही.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की वयाने दोन्ही कान सारखे झिजत नाहीत, एकाच तारेचा सूर एका कानाला जरा चढा ऐकू येतो, आणि यावर औषध नाही. त्यांनी यंत्र दिले. त्याने माणसांचे बोलणे कळते; तंबोरा मात्र पत्रा वाजल्यासारखा येतो. बाईंनी ते यंत्र दुधवाला, शेजारीण आणि नातवंडे यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

परवा मी पेणला गेले होते. बाई पापडांना ऊन दाखवत अंगणात बसल्या होत्या. महोत्सवाचे त्यांनी काही विचारले नाही. घरात येऊन त्यांनी स्वतः पंखा बंद केला, यंत्र काढून डबीत ठेवले आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवले. मी लावायला बसले. त्या समोर येऊन बसल्या आणि दोन्ही तळवे भोपळ्यावर टेकवून, डोळे मिटून, नुसते थरथरणे घेत राहिल्या. मी पंचम लावला, जोड लावला, खर्ज लावला. जन्मभर कुणालाही सुराविषयी न विचारलेल्या त्या बाईने डोळे न उघडता मला विचारले,

“लागला का गो?”

“व्हय, बाई.”

त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. करंगळी भोपळ्यावर स्वस्थ होती. पण ती सूर लागला म्हणून स्वस्थ होती की आता तिला कळत नाही म्हणून, हे मला उमगले नाही. काळ माणूस नेण्याच्या कितीतरी आधी त्याचा होकार-नकार घेऊन जातो. त्यानंतर आपण जे आठवणीत सांभाळून ठेवतो ते खरेच सुरात आहे का, हे विचारायला समोर माणूस बसलेले असते, आणि तरी विचारता येत नाही.