व्रताला चालणारे फळ

नवे राज्य अस्तित्वात आले, राजधानी भोपाळास गेली, आणि उज्जैनच्या सरकारी शाळेतील विज्ञानशिक्षक दत्तात्रय यांची दूर कुठेतरी बदली होणार अशी आवई उठली. त्यांच्या मातोश्री माईंनी तत्काळ महाकाळापुढे संकल्प सोडला. बदली टळल्याचे कळेपर्यंत भाज्या, लिंबू, आवळा, चिंच, पेरू, केळे हे सारे नाव घेऊन वर्ज्य! हुकूम येईना, टळल्याचेही कळेना. वर्ष उलटून पुन्हा थंडी पडली. केवळ दूधभातावर राहिलेल्या माईंच्या हिरड्यांतून रक्त झरू लागले, पायांवर निळे डाग उमटले. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की 'क' जीवनसत्त्व पोटात न गेल्यास म्हातारी हातची जाईल. दिलेल्या गोळ्या माईंनी 'यात लिंबूच असणार' म्हणत खिडकीबाहेर टाकल्या.

अशा चिंताग्रस्त अवस्थेत दत्तात्रय राम घाटावर फिरत असता एक पहाडी कांबळेवाला वाळकी तांबडी फळे चघळताना दिसला.

"यह क्या है, भाई?"

"जंगली गुलाब का फल है, बाबूजी. खट्टा-मीठा."

दत्तात्रयांच्या सर्वांगातून जणू वीज सळसळली. महायुद्धात संत्री दुर्मिळ झाली तेव्हा विलायतेत मुलांना याच फळाचा पाक पाजला गेला, हे त्यांनी वाचले होते. आणि माईंच्या संकल्पात गुलाबाचे नाव नव्हते. पिशवीभर फळे घेऊन त्यांनी फ्रीगंजातील घराकडे सायकल अशी पिटाळली की टांगेवाले वळून पाहू लागले.

"माई, तू गुलाबाचं फळ सोडलं आहेस का?"

"गुलाबाला कधी फळ येतं का रे? डोकं ठिकाणावर आहे ना?" माईंनी फळ हातात घेऊन हुंगले. "फूल देवाला चालतं, तर हे मला चालेल. पण माझ्या देवाच्या तांब्याच्या पातेलीत उकळायचं. आणि यात काही आहे हे आधी डोळ्यांनी दाखव. कचऱ्याचं पाणी मी पिणार नाही."

दत्तात्रयांनी उत्साहाने काढा उकळला. भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकताच ती गडद निळी झाली. जीवनसत्त्व असेल तर ही निळाई विरेल, असे सांगून त्यांनी काढ्याचे थेंब सोडले. निळाई ढिम्म हलली नाही.

पत्नी चारुलता म्हणाली, "पहाड्याने मास्तरांना चांगलंच उल्लू बनवलं."

माई भिंतीचा आधार घेत उठू लागल्या. आता त्या पुन्हा ऐकणार नाहीत, हे दत्तात्रयांस पक्के ठाऊक होते. हताश होऊन त्यांनी काढा जिभेवर घेतला, आणि तोंड वाकडे झाले. काढा कळकला होता! फळातील आंबटपणाने तांबे चाटले, आणि त्या तांब्याच्या संगतीत उकळताना जीवनसत्त्व जळून गेले.

"माई, बस. लोणच्याची दगडी तुला सोवळ्यात चालते ना?"

"चालते. पण हे शेवटचं हं, दत्तू."

त्यांनी दगडीत नवी फळे कुस्करली, कोमट पाण्यात भिजवली, आणि घशाला खाजवणारी आतली बारीक लव व बिया फडक्याने गाळून काढल्या. मग त्यांनी निळ्या पेजेत थेंब सोडले. निळाई फिकटली, विरली, आणि पेज पुन्हा पांढरी स्वच्छ झाली.

चारुलता पदर सावरून पुढे झुकली. "अहो, परत करा बघू. जादू तर नाही ना?"

त्यांनी पुन्हा केले. पुन्हा निळाई नाहीशी झाली. दत्तात्रयांना हसू आवरेना.

माईंनी वाटी ओढून घेतली आणि पहिला घोट घेतला. रक्ताळलेल्या हिरड्यांना आंबट लागताच त्यांनी डोळे गच्च मिटले.

"झोंबतं रे मेलं," त्या म्हणाल्या, आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.