टांगविकसाठी रंगवलेली खोली

ग्रानहेई गावच्या आइस हॉकी क्लबात श्रमदानाची यादी फिरली की हालवर्डचं नाव पहिल्या ओळीत असायचं. काम कसलं आहे हे तो वाचायचाही नाही. काम वाचून सही करणारा माणूस ग्रानहेईत हलका समजला जातो. एकतीस वर्षं त्याने बर्फाच्या हॉलमधले बाक धुतले, खाऊच्या खिडकीवर उभं राहून वॅफल भाजली, क्लबसाठी दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकले. यंदा जूनमध्ये यादीत होतं, 'नव्या खेळाडूचं घर लावून देणे.' नवा खेळाडू कोण, हे त्याने विचारलं नाही. असेल कुणी फिनलंडचा नाहीतर कॅनडाचा, एकटा जीव, परक्या गावात येणार, असं म्हणत त्याने लाकडाच्या गिरणीमागच्या त्या दोन खोल्यांना पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. त्याची बायको सिन्नेवे हिने पडदे शिवले. घरातला जुना पण धडधाकट सोफा त्याने गाडीमागे ट्रेलर जोडून तिथे नेऊन ठेवला. त्याच सोफ्यावर त्यांचा मुलगा ब्रागे एक अख्खा हिवाळा डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी टॉयलेट पेपरचा ट्रक आला. गठ्ठे उतरवायला तीसेक माणसं जमली. मग क्लबचा अध्यक्ष क्यार्तान चार गठ्ठ्यांच्या ढिगावर चढला. टॉयलेट पेपरवर उभं राहून मोठ्या बाता मारायला वेगळीच लाज सोडावी लागते, ती त्याने केव्हाच सोडली होती.

"मंडळी, दोन मिनिटं! यंदा लीगमध्ये आपण पहिल्या चारात येतोय. लिहून देतो मी. का, विचारा."

"का रे बाबा?" कुणीतरी हसत विचारलं.

"कारण वेस्लेफोसचा रुबेन टांगविक यंदा आपल्याकडून खेळतोय."

सगळ्यांना आठवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये, वेस्लेफोसविरुद्धच्या सामन्यात, खेळाची चकती दुसऱ्याच टोकाला असताना टांगविकने मागून येऊन वीस वर्षांच्या ब्रागेचं डोकं कडेच्या फळीवर आदळलं होतं. ब्रागे बर्फावर पडून होता तेव्हा टांगविक बाकावर बसून शेजाऱ्याशी हसत होता. त्याला पाच सामन्यांची बंदी आली. ब्रागेला आली ती कायमची: उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, वीस मिनिटं वाचलं की उलटी होते. तेव्हा सगळं गाव हळहळलं होतं. ह्याच माणसांनी ब्रागेसाठी वॅफल विकून पैसे जमवले होते, आणि टांगविक पुन्हा दिसला तर त्याला नदीत बुडवू, असं म्हणाली होती.

मग मागून कुणीतरी एक टाळी वाजवली. दुसऱ्याने साथ दिली. बघता बघता तीसच्या तीस माणसं टाळ्या वाजवायला लागली. काहींनी हालवर्डकडे चोरून पाहिलं आणि मान वळवून आणखी जोरात वाजवल्या. ज्यांच्यासोबत हालवर्ड एकतीस वर्षं एकाच थर्मासमधली कॉफी प्यायला होता, त्या माणसांची त्याला शिसारी आली.

तो क्यार्तानपाशी गेला. "त्या खोल्या त्याच्यासाठी होत्या?"

"हालवर्ड, अरे, जूनमध्ये सही झाली नव्हती. सांगणार कसं?"

"माहीत होतं तुला. मी भिंती घासत होतो तेव्हा तू दारात उभा राहून सॉसेज खात होतास."

"छान रंगवल्यास हं. तोही म्हणाला, प्रसन्न वाटतं."

"माझा सोफा परत दे."

क्यार्तानने आवाज खाली आणला. "श्रमदानात दिलेली वस्तू कुणी परत मागतं का? लोक काय म्हणतील? जरा क्लबचा विचार कर."

ग्रानहेईत एवढं म्हटलं की पुढे बोलायला जागाच उरत नाही. हालवर्ड परत गेला आणि लाज अशी, की त्याने आणखी सहा गठ्ठे उतरवले. हात आपोआप चालत होते. बाजूला माग्नहिल्ड मफलरचं खोकं फोडत होती. तीन वर्षं ही बाई ढोल बडवत 'डुक्कर टांगविक, डुक्कर टांगविक' म्हणून सगळा हॉल डोक्यावर घ्यायची. आता मफलरवर टांगविकचं नाव विणून आलं होतं.

"माग्नहिल्ड, तूच ना गं त्याला डुक्कर म्हणायचीस?"

"म्हणायची की," ती जराही न शरमता म्हणाली. "तेव्हा तो त्यांचा डुक्कर होता. आता आपला आहे. घे एक, श्रमदानवाल्यांना फुकट."

हालवर्ड जमिनीवर थुंकला. असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

घरी ब्रागे पडदा ओढलेल्या स्वयंपाकघरात पावावर तपकिरी चीज लावत बसला होता. तो आता रोपवाटिकेत अर्धा दिवस काम करायचा, काळा चष्मा आणि टोपी घालून. बातमी त्याला कळली होती.

"मी आता त्या हॉलात पाऊल ठेवणार नाही," हालवर्ड म्हणाला. "आठव्या रांगेतली माझी जागा दिली सोडून. गावाने तोंडाला काळं फासून घेतलंय, मला नाही फासायचं."

"बाबा, मला जायचंय."

"कुठे?"

"वेस्लेफोसबरोबर सरावाचा सामना आहे ना, लीग सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा? त्याला. मला बघायचंय त्याला."

"त्या माणसाला? कशाला?"

"मी पाहिलेलाच नाही. मागून आला ना तो." ब्रागेने सुरी खाली ठेवली. "तू फक्त शेजारी बस. आणि एक कर. त्याने गोल केला तर टाळी वाजवू नकोस. बाकी सगळे वाजवतील, वाजवू देत. तू नको."

"ब्रागे, माझे हात तुटले तरी..."

"मोठमोठं नको बोलूस रे. बसून राहा, एवढंच सांगतोय."

"दिला शब्द," हालवर्ड म्हणाला. त्याला वाटलं, एवढ्यावर भागणार असेल तर फार सोपं आहे.

सामन्याच्या दिवशी हॉल गच्च भरला. ह्या सामन्याला गुण नव्हते, खरी लीग बारा दिवसांनी सुरू होणार होती, पण ग्रानहेईला उन्हाळाभर हॉकीची उपासमार झालेली असते. खेळाडू बर्फावर उतरले. नव्या हंगामाचे नवे कपडे: छातीवर बँक, पोटावर किराणा, पाठीवर पेंट कंपनी आणि ढुंगणावर टायरचं दुकान. क्लबचं चिन्ह शोधावं लागत होतं. हालवर्डला सगळ्याचाच वीट आला होता, तळलेल्या तेलाच्या वासाचा, माग्नहिल्डच्या ढोलाचा, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ब्रागेच्या खांद्यावर थोपटून 'मोठं मन आहे तुझं' म्हटलं त्याचा तर सगळ्यात जास्त. स्वतःच्या हाताला लागलेली घाण दुसऱ्याच्या अंगाला पुसण्यातला प्रकार होता तो.

ब्रागे कानात कापसाचे बोळे घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून शेजारी बसला. टांगविक सरावात त्यांच्या समोरच येऊन थांबला. हेल्मेट काढून घाम पुसला, वर पाहिलं. आठव्या रांगेतल्या त्या पोराला त्याने ओळखलं नाही. ज्याच्या सोफ्यावर झोपतो त्यालाही ओळखलं नाही. काचेला नाक लावलेल्या एका चिमुरडीला हात हलवून तो निघून गेला.

"हाच का?" ब्रागे म्हणाला. "केवढासा आहे."

"किडा आहे किडा," हालवर्ड दात खाऊन म्हणाला.

पहिला भाग त्याने मांडीवर हात दाबून काढला. टांगविकने एक गोल केला. भोवतालचे बाक हादरले, पण हालवर्ड दगडासारखा बसून राहिला आणि ब्रागेने न बघताच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हालवर्डला वाटलं, ह्या अख्ख्या हॉलात माणूस म्हणावा असा आपणच एक उरलोय. ते वाटणं त्याला आवडलं. दुसऱ्या भागात वेस्लेफोसने दोन गोल केले. तिसऱ्या भागात ग्रानहेईने बरोबरी साधली, तो गोल दुसऱ्या कुणाचा होता, म्हणून हालवर्डने थर्मासमधून कॉफी ओतून घेत बिनधास्त मान डोलावली.

शेवटचं मिनिट उरलं. चकती ग्रानहेईच्या कोपऱ्यातून सुटली आणि टांगविकच्या काठीला येऊन चिकटली. त्याने एकाला चुकवलं, दुसऱ्याला हुलकावणी दिली. एकतीस वर्षं ह्या हॉलात बसणाऱ्या माणसाला अशी चाल कळते, पोटातून कळते. गोलरक्षक आडवा पडला, टांगविक थांबला, फक्त एका श्वासापुरता थांबला, आणि चकती वरच्या जाळीत गेली.

"आत! आत गेली! वा रे पठ्ठ्या!"

कोण ओरडतंय हे हालवर्डला आधी कळलंच नाही. त्याचे दोन्ही हात वर होते. कॉफी बाकावरून खाली गळत होती. माग्नहिल्डने मागून त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आलास ना ताळ्यावर! शाब्बास रे हालवर्ड!" ती त्याच्या कानात किंचाळली. तिच्या तोंडाला सॉसेजचा वास येत होता. त्याच्या तोंडालाही येत असणार, त्यानेही मघाशी तेच खाल्लं होतं.

त्याने खाली पाहिलं. ब्रागे पुढे वाकून बसला होता. बोळे घातलेल्या कानांपैकी एकच त्याने दोन्ही तळहातांनी घट्ट दाबून धरला होता. तो बापाकडचा होता. त्याच्या पँटवर कॉफीचा मोठा डाग पडला होता.

"ब्रागे," हालवर्ड म्हणाला.

ब्रागेने मान वर केली नाही.

"झालं का तुझं, बाबा?" त्याने विचारलं. "झालं असेल तर घरी जाऊ."

हालवर्डला हात खाली घ्यायचे होते, पण ते कुठे ठेवावेत हेच त्याला सुचेना.