धाकटीसाठी काढून ठेवलेल्या कुकीज

तरुणपणी आई एका इटालियन नवरा-बायकोच्या बेकरीत कामाला होती. बडीशेपेच्या मऊ कुकीज ती तिथेच शिकली, आणि आता एकोणऐंशीव्या वर्षी बाकी सगळं डोक्यातून पुसलं गेलं तरी तेवढ्या कुकीज तिच्या हातांत शिल्लक होत्या. आपलं घर कुठलं, दुपारी जेवलो की नाही, समोर बसलेली बाई कोण, यातलं काहीही तिला सांगता येत नसे. पण तळव्यांना तेल लावून चिकट पिठाचे अक्रोडाएवढे गोळे ती असे वळायची की एक लहान नाही, एक मोठा नाही.

समोर बसलेली बाई म्हणजे तिची थोरली मुलगी. पाच वर्षांपूर्वी थोरलीने कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली, शिलाई मशीन घरी आणलं आणि आईचं सगळं अंगावर घेतलं. आई तिला ‘अहो बाई’ म्हणायची. कामाला ठेवलेल्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीने.

शनिवार कुकीजचा. लोणी, साखर, अंडी फेटून पीठ मळायचं थोरलीने, गोळे वळायचे आईने. बारा मिनिटं ओव्हनमध्ये. बूड तांबूस झालं पाहिजे आणि माथा पांढराच राहिला पाहिजे. मग पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाच्या पातळ लेपात एकेकीचं डोकं बुडवून जाळीवर वाळत ठेवायचं. त्यातल्या बारा आई वेगळ्या ताटलीत काढायची. “धाकटीला राहू द्या. कॉलेजातून येईल ती भुकेली.”

धाकटी एक्कावन्न वर्षांची होती, दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर होती आणि दर रविवारी दहा मिनिटं फोन करायची. पाच वर्षांत दोनदा येऊन गेली होती. त्या बारा कुकीज सोमवारपर्यंत तशाच राहायच्या आणि मग थोरली त्या चहात बुडवून संपवायची.

त्या शनिवारी सकाळपासून आईचे कपडे तीनदा बदलून झाले होते. ट्रे काढताना थोरलीचं बोट भाजलं. ते नळाखाली धरून ती परत लेप लावायला बसली, तर आई तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, “राग मानू नका, पण तुमच्या हाताला सफाई नाही. माझी धाकटी आली की ती करेल.”

“तुमची धाकटी वारली,” थोरली म्हणाली.

तोंडातून कसं निघालं तिचं तिला कळलं नाही. आईचं तोंड उघडलं, आधी आवाजच आला नाही, मग आला. थोरली एकेक कुकी बुडवत राहिली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. वीस मिनिटांनी आई रडायची थांबली आणि आपले गाल ओले कशाने झाले, म्हणून विचारू लागली.

पुढे ती सवय झाली. रोजची नाही. थोरलीची पाठ धरून दुखू लागली की, किंवा फोनवर धाकटीने आईला कुठल्या गोळ्या द्याव्यात याचं व्याख्यान दिलं की. कधी धाकटीला गाडीने उडवलं, कधी तापाने नेलं. आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकायची आणि प्रत्येक वेळी तेवढंच रडायची. थोरली तिला पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. आई तिचा हात घट्ट धरून ठेवायची. एरवी कधी धरत नसे.

एका शनिवारी धाकटी न कळवता आली. दार उघडंच होतं. आई डोळे पुसत बसली होती. तिने आलेल्या बाईला बसायला सांगितलं आणि ताटली पुढे केली. “माझी मुलगी गेली हो. तिच्यासाठी काढल्या होत्या. आता तुम्हीच खा.”

धाकटीने विचारलं, कोणी सांगितलं?

“या बाईंनी. आत्ताच.”

धाकटी आरडाओरडा करेल असं थोरलीला वाटलं. तिने केला नाही. तिने एक कुकी उचलली, सावकाश खाल्ली, हात धुतले आणि राहिलेल्यांना लेप लावायला बसली. मान वर न करता तिने विचारलं, “किती वेळा सांगितलंस?”

“मोजलं नाही.”

आई धाकटीचे हात निरखत होती आणि खुलत चालली होती. अगदी माझ्या धाकटीसारखा हात आहे तुमचा, असं तिने दोनदा सांगितलं. मग एकदम इकडेतिकडे बघत म्हणाली, “माझी थोरली कुठे दिसत नाही ती?”

पाच वर्षांत हे नाव तिने पहिल्यांदा घेतलं होतं. थोरलीच्या हातात गरम ट्रे होता. तो खाली ठेवून ती बोलणार, तेवढ्यात धाकटी बोलली.

“ती गेली, आई. धाकटीच्याही आधी गेली.”

दोघी आईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या क्षणी थोरलीने वाट पाहिली. आई रडेल याची वाट पाहिली.

“हो का?” आई म्हणाली. “कामाला चांगली होती बिचारी.” आणि लेपाच्या भांड्यात डोकावून तिने सांगितलं, “हे घट्ट व्हायला लागलंय. थोडा रस पिळा.”

धाकटीचा हात जागच्या जागी थांबला. “ताई,” ती म्हणाली. थोरलीने लिंबू कापलं आणि पिळलं.

तीनच्या गाडीने धाकटी निघाली. दारात चपला घालताना तिला रडू फुटलं. मी असं म्हणायला नको होतं, असं काहीबाही ती बोलत होती. थोरलीने तिची बॅग तिच्या हातात दिली. “तू एकदाच म्हणालीस,” ती म्हणाली. “मी किती वेळा म्हटलं ते मोजलंही नाही. जा, गाडी चुकेल.”

त्यानंतर थोरलीने आईला ती बातमी पुन्हा कधी दिली नाही. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. एकीचं रडून झाल्यावर आई दुसरीची चौकशी करेल, याची तिला धास्ती बसली होती. आता आई धाकटीचं विचारते तेव्हा, येईल संध्याकाळपर्यंत, असं ती सांगते, आणि आईला ते लगेच पटतं.