दादाच्या खोकल्याची नक्कल

त्याला घरात, गल्लीत आणि तो काम करायचा त्या चष्म्याच्या दुकानातही सगळे नकल्याच म्हणत. एखाद्याला दोन मिनिटं ऐकलं की तो माणूस नकल्याच्या घशात मुक्कामाला आलाच म्हणून समजा. सासरे, शाळेचे मुख्याध्यापक, नंबर तपासताना "सगळं स्वच्छ दिसतंय हो" म्हणून थापा मारणारं गिऱ्हाईक, त्यानं कुणालाच सोडलं नाही. पण घरात फर्माईश व्हायची ती एकाच नकलेची. दादाच्या खोकल्याची.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आयुष्यभर गॅरेजात मोटारींचे ब्रेक दुरुस्त केले. ब्रेकच्या ड्रमात साचलेली भुकटी हवेच्या नळीनं फुर्रकन उडवायची आणि त्याच धुरळ्यात उभं राहून सिगारेट पेटवायची, असा त्याचा दिवस जायचा. नातू झाला तेव्हा सिगारेट सुटली आणि घरच्यांनी हुश्श केलं. खोकला मात्र राहिला. नकल्या तो हुबेहूब काढायचा. आधी पोटातून दोन दणके, मग खाकरणं, मग काही झालंच नाही अशा थाटात "हं, काय म्हणत होतो मी?" हसून हसून दादाच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

दादाच्या साठाव्या वाढदिवसाला सगळे नकल्याकडे जेवायला जमले होते. पोरांनी गलका केला तेव्हा नकल्यानं भलताच खोकला काढून दाखवला. कोरडा, अर्धवट, आणि दम आत ओढताना बारीकशी शिट्टी. अहो, घर डोक्यावर घेतलं लोकांनी! "नवीन मॉडेल आलं रे," असं दादाच ओरडला. नकल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोकला बदललाय हे त्याच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. तो का बदलला, हा प्रश्न काही त्या शहाण्याच्या डोक्यात शिरला नाही.

पुढं दादाचा पट्टा दोन भोकं आत गेला, तर वहिनी म्हणाली, बरं झालं, पोट उतरलं. जिन्यात थांबायला लागला, तर वय झालं. खांदा धरला, तर गॅरेजातलं जुनंच दुखणं. छातीत कफ झाला, गोळ्यांनी गेला, महिन्याभरात परत आला. मग आवाज बसला, आणि नकल्यानं तोही उचलला. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कुठं वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

सीटी स्कॅन झालं, सुई घालून गाठीचा तुकडा काढला, आणि दादा, वहिनी, नकल्या असे तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, हे बाईंनी आडवळणं न घेता सांगितलं.

"पण ह्यांनी सिगारेट कधीच सोडली हो," वहिनी म्हणाली.

"सोडली ते फार चांगलं केलं. धोका हळूहळू कमी होत जातो, पण पुरता जात नाही. शिवाय जुन्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचं खनिज असायचं, त्याची भुकटी श्वासातून फुफ्फुसात जाते. ते आणि सिगारेट एकत्र आले की धोका खूपच वाढतो." बाईंनी कागद पुढं ओढला. "खोकला कधी बदलला?"

"बदलतोय कसला? खोकला तो खोकला," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"रोज ऐकून माझे तर कान मेलेत," वहिनी म्हणाली.

 नकल्याला राहवेना. "आधी असा होता," म्हणत त्यानं दोन दणके काढले आणि खाकरला. "मग असा." कोरडा, अर्धवट, शेवटी शिट्टी. खोलीत कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हा दुसरा कधीपासून?"

"साठाव्या वाढदिवसापासून," नकल्या म्हणाला. "दीड वर्ष झालं असेल."

रोग आता खांद्याच्या हाडात आणि छातीतल्या ग्रंथींत पोचला होता. त्या ग्रंथी आवाजाची नस दाबत होत्या, म्हणून आवाज बसला होता. ऑपरेशनची वेळ गेली होती. काहींना नुसत्या गोळ्या लागू पडतात, पण तपासणीत दादाची गाठ तशी निघाली नाही. त्यामुळे केमो, सोबत शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, दोन्ही सलाइनमधून, आणि हाडाच्या दुखण्यावर रेडिएशन. "आजार आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू, त्रास कमी करू," बाई म्हणाल्या. "पूर्ण बरा होईल असा शब्द मात्र देत नाही."

दादा-वहिनी बाहेर पडल्यावर नकल्या मागं थांबला. "तेव्हाच आणलं असतं तर?"

"नक्की कुणीच सांगू शकणार नाही. खोकला असा बदलला की आम्ही एक्स-रे काढतोच. गाठ लहान असताना सापडली असती, तर कदाचित कापून काढता आली असती."

बाई चार शब्द फाडफाड बोलल्या असत्या तर बरं, असं नकल्याला वाटलं. त्या 'कदाचित'नं त्याचं जेवण गेलं. दुकानात गिऱ्हाईकं म्हणायची, काय रे, हल्ली मुकाच झालास! तो चष्मे पुसत राहायचा.

दुसऱ्या सलाइनच्या दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेली, तेव्हा त्यानं धीर केला. "दादा, माझं चुकलं रे. तुझा खोकला बदललेला मला ऐकू आला होता. आणि मी लोकांना हसवत बसलो."

दादा खुर्चीत मागं रेलून होता. केस विरळ झाले होते, डोळे मात्र तेच मिश्कील. "तुला एकट्यालाच आला होता काय ऐकू?" तो म्हणाला. "त्या दिवशी घरी गेल्यावर मी मोरीत दार लावून खोकून बघितलं. तू केलास तस्साच.  सकाळी डॉक्टरकडं जायचं म्हणून धुतलेला शर्टसुद्धा घातला."

"मग?"

"मग चपला घालताना तुझी नक्कल आठवली. सगळे कसे पोट धरून हसत होते. म्हटलं, एवढी घरची माणसं हसतायत, म्हणजे काही विशेष नसणार. शर्ट बदलला आणि गॅरेजात गेलो."

 दादाला राग आलेला नव्हता. त्यानं सलाइन नसलेला हात नकल्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"पण नक्कल फक्कड केली होतीस हं," दादा म्हणाला.